अकरा मिनिटांचा कान

दुरुस्तीला संगणक घेऊन आलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारलं, की तो हमखास म्हणतो, "काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला." सत्तावीस वर्षं मी मिरजेत हा धंदा करते आहे, आणि आपोआप बंद पडलेला संगणक मी अजून पाहिलेला नाही. म्हणून निलोफर शिकलगार धापा टाकत दुकानात शिरली आणि म्हणाली, "वैजूताई, माझीच चूक झाली, मी त्याला सुरात लावायला गेले," तेव्हा मी हातातला पेचकस खाली ठेवला.

"कशात लावायला गेलीस?"

"सुरात. काळी दोनला."

"संगणकाला?"

"त्याच्या कार्डाला," ती म्हणाली. "आणि आता अब्बांना चार दिवस काही ऐकू येत नाही."

मी दुकानाचं शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

निलोफर ही मौलाचाचांची धाकटी मुलगी. वय चौतीस. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे आणि सतारी करणारी घरं आहेत, त्यांतलं हे एक. त्या घरात चाचांचं काम म्हणजे जवारी लावणं. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर हाडाची घोडी बसवलेली असते आणि तिच्यावरून तार जाते. त्या घोडीचा माथा कानशीनं असा घासायचा, की तार तिच्यावर टेकल्या न टेकल्यासारखी थरथरत राहिली पाहिजे. केसभर जास्त घासलं तर आवाज चिरका, केसभर कमी पडलं तर बसका. नेमकं जमलं की एकाच तारेतून सुरामागून सूर निघत राहतात आणि खोली भरून जाते. चाचा त्याला "बोलली" म्हणत. घोडी बोलली की काम संपलं. निलोफर नऊ वर्षं त्यांच्या शेजारी बसून घोड्या घासत होती, पण तिच्या एकाही घोडीला त्यांनी आजवर "बोलली" म्हटलेलं नव्हतं.

अशा माणसाचे कान गेले. वयानं गेले, दुसरं काही कारण नाही.

साधं कानातलं यंत्र आवाज मोठा करतं. पण आतल्या ज्या पेशी मेल्या आहेत त्यांना ओरडून सांगून काय उपयोग? म्हणून अलीकडे कर्णठसा निघाला आहे. माणसाला तीन आठवडे हजारो आवाज ऐकवतात, ऐकताना त्याच्या मेंदूत उठणारे तरंग टिपतात, आणि त्यावरून एक प्रतिकृती शिकवून तयार करतात. हा माणूस काय ऐकतो, कसं ऐकतो आणि पुढे काय ऐकू येईल अशी त्याची अपेक्षा असते, हे सगळं तिच्यात उतरतं. मग कानामागे एक पट्टी लावायची. बाहेरचा आवाज आधी त्या ठशातून जातो, शिल्लक राहिलेल्या पेशींना झेपेल असा घडवला जातो आणि मगच आत पोचतो. त्या माणसाला वाटतं, आपलाच जुना कान परत आला.

बाकीच्यांचे ठसे दूर कुठेतरी मोठ्या केंद्रात ठेवलेले असतात. तिथून आवाज फिरून यायला निमिषभर उशीर होतो, आणि गप्पा मारायला तेवढा चालतो. जवारी लावणाऱ्याला चालत नाही, कारण त्याचं बोट आणि कान एकाच क्षणी पोचले पाहिजेत. म्हणून चाचांचा ठसा त्यांच्या कारखान्यातच, एका दांडग्या ग्राफिक्स कार्डावर चालत असे. ते यंत्र वीस महिन्यांपूर्वी मीच बसवून दिलं होतं.

कारखाना म्हणजे माडीवरची लांब खोली. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, खिडकीतून दुपारचं ऊन त्यांच्यावर पडलेलं, आणि हवेत लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. चाचा खिडकीजवळ पाट टाकून बसले होते. मी वर आल्याचं त्यांना पावलांवरून कळलं नाही. माझी सावली पडली तेव्हा त्यांनी मान वर केली आणि शेजारची पाटी माझ्याकडे सरकवली. एरवी त्या पाटीवर तारांचे गेज लिहीत. आता तिच्यावर निलोफरच्या अक्षरात "अब्बा, माफ करा" असं लिहून पुसलेलं दिसत होतं.

"लेकरानं माझ्यापायी केलं," चाचा मोठ्यांदा म्हणाले. आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नव्हतं. "तिला बोलू नगंस."

मग निलोफरनं सगळं सांगितलं. ते कार्ड गुणगुणायचं. त्यात नवल नाही. कार्डावर तारेची बारीक वेटोळी असतात, आणि गणिताची एकेक फेरी सुरू होताना वीज ओढली गेली की ती थरथरतात. सेकंदाला जितक्या फेऱ्या, तितका वरचा सूर. इतर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण हे घर सुरांचं. यंत्राचा सूर पेटीच्या काळी दोनच्या जरा खाली होता, आणि चाचांना पट्टीतून तोही ऐकू यायचा. काळी दोनची तंबोऱ्यांची जोडी जुळवायची म्हणजे तो उतरलेला सूर कानाशी सतत आहेच. वीस महिने त्यांनी सोसलं.

"त्या दिवशी अब्बा म्हणाले, तिला जरा चढव," निलोफर सांगत होती. "वेग वाढवायचा एक छोटा प्रोग्रॅम मिळतो, तो टाकला. खुंटी पिळतो तसं थोडं थोडं वर नेलं. मी आकडे बघितलेच नाहीत ताई. मी ऐकत होते."

मी कपाळाला हात लावला. अति वेगानं कार्डं जाळणारे मी खूप पाहिले. खेळ वेगात चालावा म्हणून जाळतात, पैजेवर जाळतात. पण डोळे मिटून कानानं वेग वाढवणारी ही पहिलीच.

"आणि जुळला?" मी विचारलं. न विचारून राहवलंच नाही.

"जुळला," ती म्हणाली, आणि एवढ्या अडचणीतही तिचा चेहरा उजळला. "मी तंबोरा छेडत होते. तंबोरा कुठला आणि यंत्र कुठलं ते कळेना. अब्बांनी डोळे मिटले. मग पडदा काळा झाला."

संगणक सुरू केला की सुरुवातीची अक्षरं दिसायची आणि दहा सेकंदांत पडदा काळा. मी आधी वीजपुरवठ्याचा डबा तपासला. मग आतला बटणाएवढा सेल काढून, दहा मिनिटं थांबून परत घातला, म्हणजे यंत्र मूळ सेटिंगवर येतं. पण अंधार जाईना. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

"निलोफर, त्या प्रोग्रॅममध्ये 'सुरू होताच लागू करा' असं काही होतं का?"

"होतं. त्यावर खूण केली," ती हळूच म्हणाली. "रोज सकाळी नव्यानं लावायला लागू नये म्हणून."

म्हणजे यंत्र दर वेळी डोळे उघडत होतं आणि उघडल्या उघडल्या तोच वेडा वेग अंगावर घेऊन कोसळत होतं. मी कार्डच उपसून काढलं आणि पडद्याची वायर मदरबोर्डाच्या साध्या खाचेत लावली. त्या साध्या चित्रावर यंत्र सुरळीत उघडलं. तो प्रोग्रॅम त्याच्या आकड्यांसकट काढून टाकला, कार्ड झटकून पुन्हा बसवलं आणि बटण दाबलं. दहा सेकंद झाली, वीस झाली, पडदा काही काळा झाला नाही. कार्ड जुन्या, जरा उतरलेल्या सुरात गुणगुणायला लागलं, आणि निलोफर पट्टी आणायला धावली.

नोंदी चाळल्या. चार वाजून सात मिनिटांनी वेग कमाल झालेला, चार अठराला यंत्र मेलेलं. अकरा मिनिटं.

चाचांनी पट्टी कानामागे लावली. निलोफरनं जवळचा, अर्धवट घासल्या घोडीचा तंबोरा घेऊन चारी तारा छेडल्या. चाचांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"बोलली," ते म्हणाले.

निलोफरचा हात तारेवरच थबकला. तिनं तो तंबोरा बाजूला ठेवला आणि दुसरा ओढला. त्याच्यावरची घोडी कोरी होती, तिला अजून कानस लागली नव्हती. तिनं तार छेडली. मलासुद्धा कळलं की आवाज डब्यासारखा आहे.

"बोलली," चाचा म्हणाले आणि हसले. "अगं, ही पण बोलली."

माझ्या हातून स्क्रूंची डबी निसटून फरशीवर पडली. चाचा त्या खणखणाटाकडे मान वळवून, कुणी मोठा गवई गात असावा तसे ऐकत राहिले.

मी यंत्राला माझे हेडफोन जोडले. ठशातून निघणारा आवाज त्यांच्या कानासाठी घडवलेला असतो, आपल्याला त्यातलं अर्धंच कळतं. पण तेवढंही पुरलं. खालून रिक्षा गेली ती गात गेली. नळाचं पाणी, शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, निलोफरचं नाक ओढणं, सगळं एकमेकांत मिसळून एका मोठ्या, मऊ सुरात उभं होतं. कुठे काही खुपत नव्हतं. मी दुसऱ्याच्या स्वप्नात जाऊन बसले होते आणि मला तिथून उठवेना. शेवटी निलोफरनंच हेडफोन ओढून काढले.

नंतर दोन तास आकडे तपासल्यावर कारण सापडलं. ठशाच्या पोटात एक मोजमाप सतत चालू असतं, मेंदूची अपेक्षा काय होती आणि प्रत्यक्षात काय ऐकू आलं. या दोहोंतला फरक पाहून ठसा स्वतःला सुधारत राहतो आणि दर मिनिटाला स्वतःला साठवतो. त्या अकरा मिनिटांत अति वेगानं कार्डाची स्मृती चुका करू लागली आणि तो फरक शून्य येऊ लागला. ठसा शिकला की जे येतं ते अपेक्षेप्रमाणेच असतं. मग तो जे येईल ते अपेक्षेत बसवूनच पुढे पाठवू लागला. तो शून्य आता सगळ्या ठशात मुरला होता, वेगळा काढता येण्याजोगा नव्हता.

"जुनी प्रत?" निलोफरनं विचारलं.

दर आठवड्याला आपोआप प्रत निघावी म्हणून मी एक वेगळी डबी लावून दिली होती. ती भिंतीपाशी धूळ खात पडलेली सापडली. तिची पिन काढून त्या जागी सरस गरम करायची शेगडी लावली होती. शेवटची प्रत अठरा महिन्यांपूर्वीची. यात माझाही दोष होता. मी एकदाही येऊन पाहिलं नव्हतं.

चाचांना आम्ही दोघींनी सगळं समजावून सांगितलं. आता त्यांना ऐकू येत होतंच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी आता जे ऐकतुया ते खोटं हाय?"

"हो, चाचा."

"आन जुनं घातलं तर?"

"अठरा महिन्यांत तुमचे कान अजून उतरलेत. तो ठसा आता नीट बसणार नाही. वरचे सूर जवळजवळ येणार नाहीत, गोधडीआडून ऐकल्यासारखं होईल. शिकत शिकत वर्षभरात सुधारेल थोडा. पहिल्यासारखा होईल असं मी सांगत नाही."

"मग ऱ्हाऊ दे की हेच," चाचा म्हणाले. "चौऱ्याहत्तर वर्सं मी वाईटच ऐकलं, वैजू. कुठं बसकं हाय, कुठं चिरकं हाय, तेच हुडकत बसलो. लोकं गाणं ऐकायची, मी घोडी ऐकायचो. आता सगळं जुळलंय. का मोडतीस?"

कान त्यांचा होता. त्यांच्या हुकमाशिवाय मी ठशाला हात लावणार नव्हते. मी हत्यारं गोळा करून निघाले.

पुढचे पंधरा दिवस मी काही ना काही निमित्त काढून त्या माडीवर जात राहिले. खरं सांगते, मला चाचांचा हेवा वाटायचा. ते खिडकीत बसून असायचे, कानस बाजूला पडलेली. चहा पिताना कपबशीचा आवाज ऐकून खुश व्हायचे. उसाचा ट्रॅक्टर गेला की म्हणायचे, "बघ कसा खर्ज लावलाय." माझा नवरा गेल्यापासून मला घरातली शांतता सहन होत नाही, म्हणून मी दिवसभर रेडिओ लावून ठेवते. त्यांना रेडिओची गरज उरली नव्हती. टांगलेल्या भोपळ्यांखाली ते ऊन अंगावर घेऊन बसलेले असत, आणि वाऱ्यानं भोपळे एकमेकांवर आपटले तरी तोंड भरून हसत. इतका सुखी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

निलोफर मात्र वाळत चालली होती. दुरुस्तीला आलेले तंबोरे भिंतीला टेकून उभे होते. चाचांच्या मते ते सगळे बोललेले होते, त्यामुळे घासायचं काही उरलंच नव्हतं. ती एकटी खाली मान घालून कानस चालवत असायची. घरात त्यांची बोली वेगळी, पण माझ्यासमोर बाप-लेक मराठीतच भांडत. आता भांडणंही थांबली होती. चाचांना तिचा रागसुद्धा गोड ऐकू यायचा.

सोळाव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "ताई, येता का? एक घोडी झालीय. मला वाटतंय, झालीय."

मी गेले तेव्हा ती तंबोरा मांडीवर घेऊन चाचांसमोर बसली होती. घोडीवर आणि तिच्या नखांत हाडाची पांढरी भुकटी होती. तिनं घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा सरकवला, जागा पाहिली, पुन्हा जरा सरकवला आणि छेडायला लागली. मला त्यातलं कळत नाही. पण आवाज भिंतींपर्यंत जाऊन परत येत होता आणि माझ्या हातावर काटा आला होता.

"कशी आहे अब्बा?"

"बोलली," चाचा म्हणाले. "फार छान, बेटा."

नऊ वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली तो शब्द आला. निलोफरनं तंबोरा खाली ठेवला आणि ती ओक्साबोक्शी रडायला लागली. चाचा तिच्याकडे पाहून हसत होते, कारण तिचं रडणंही त्यांना सुरात ऐकू येत होतं. मग त्यांना तिचा चेहरा दिसला. हसू हळूहळू ओसरलं. त्यांनी पट्टी कानामागून काढली आणि पाटी तिच्यापुढे धरली.

तिनं डोळे पुसले आणि लिहिलं. मी मागून वाचत होते.

"तुम्ही कोऱ्या घोडीलापण बोलली म्हणालात. मला आता कोण सांगणार?"

चाचा ती ओळ वाचत राहिले. पाटीवर आठ-दहा शब्दच होते, पण त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी पट्टी पुन्हा लावली.

"एकदा परत छेड," ते म्हणाले.

तिनं छेडलं. ते डोळे मिटून ऐकत राहिले. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता, वर भोपळे हलत होते. त्या सगळ्याला ते निरोप देत होते हे आम्हा दोघींनाही कळत होतं. शेवटी त्यांनी पट्टी काढून माझ्या हातावर ठेवली.

"जुना कान घाल, वैजू."

मी पाटीवर लिहिलं, "हा ठसा वेगळा जपून ठेवू का? कधी वाटलं तर?"

त्यांनी मान हलवली. "पुसून टाक. ठेवलास तर मी रोज मागीन."

मी पुसला. पुसायला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग डबीतली जुनी प्रत चढवली. कार्ड उतरल्या सुरात गुणगुणू लागलं. पट्टी लावताच चाचांनी तोंड वाकडं केलं.

"हीच बया पहिली ऐकू आली," ते कार्डाकडे बोट करून म्हणाले. "अजून बेसूरच हाय."

"चढवू का?" मी मुद्दाम विचारलं.

"हात लावशील तर बघ!"

निलोफरनं तंबोरा उचलला. चाचांना नुसत्या पट्टीनं पुरेसं येईना, म्हणून ते पुढे सरकले, त्यांनी भोपळ्यावर तळहात ठेवला आणि डोकं दांडीला टेकवलं. तिनं चारी तारा छेडल्या, परत छेडल्या. चाचांच्या कपाळाला आठ्या पडल्या. इतक्या दिवसांत मी त्या आठ्या पाहिल्या नव्हत्या.

"न्हाई बोलली," ते म्हणाले.

निलोफर हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "कुठं अडलीय, अब्बा?"

"पंचमाच्या तारंखाली. भाइरच्या अंगाला केसभर उरलंय. वरचं मला येत न्हाई, पर हाताला लागतंय." त्यांनी भोपळ्यावरचा तळहात तसाच राहू दिला. "बाकीच्या तिन्ही ठिकाणी मी हात लावला नसता."

तिनं तार सैल केली, दोरा काढला आणि कानस उचलली.